सिलिंडर मोजून ठेवलेली नावे

५५ मिलिमीटर व्यासाचा एक सिलिंडर घ्यावा, त्यात पिस्टनला ५२.५ मिलिमीटर खाली-वर होऊ द्यावे आणि त्या फेरीत जेवढी जागा मोकळी होते तेवढी मोजावी, उत्तर १२४.७ सीसी येते. जेमतेम अर्धा कप पाणी मावेल एवढी ही जागा. अशा बारा सिलिंडरांचे, दीड लिटरचे इंजिन बसवलेली गाडी घेऊन १२ मार्च १९४७ रोजी एन्झो फेरारी इटलीतल्या मारानेल्लोच्या कारखान्याच्या फाटकातून पहिल्यांदा बाहेर पडले आणि त्या गाडीचे नाव १२५ एस होते. गाडीला काय म्हणावे हा प्रश्न इंजिनानेच सोडवून ठेवलेला होता.

फेरारी किती वेगाने धावते, वळणावर कशी वागते, तिच्या आत बसल्यावर कसे वाटते, हे सांगणारी परीक्षणे भरपूर आहेत. मला येथे तपासायची आहेत ती तिची नावे. या कंपनीच्या गाडीचे नाव म्हणजे, निदान तिच्या उत्तम काळात तरी, ती गाडी कशी घडली याची नोंद असते. ही नोंद कुठे चोख ठेवली गेली, कुठे तिच्यात खाडाखोड झाली आणि कुठे ती ठेवण्याचेच सोडून दिले गेले, हे पाहत गेले की मारानेल्लोत एका गाडीतून दुसरी गाडी कशी निघते तेही समजत जाते.

सुरुवातीच्या वीस वर्षांच्या नावांना मी पैकीच्या पैकी गुण देईन. जोआक्किनो कोलंबो यांनी आखलेले बारा सिलिंडरांचे ते इंजिन मुळात लहान होते, पण त्यात वाढायला भरपूर वाव होता. १२५ पाठोपाठ १५९ आली आणि तिच्या मागोमाग १६६ आली. १६६ मध्ये सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ५८.८ मिलिमीटर झाला. यापुढची गोष्ट कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखी आहे. प्रवासाचे ५८.८ हे माप तसेच ठेवून अभियंत्यांनी फक्त व्यास वाढवत नेला. तो ६५ झाला तेव्हा गाडी १९५ झाली, ६८ झाला तेव्हा २१२, ७० झाला तेव्हा २२५ आणि ७३ झाला तेव्हा २५०. १९६४ च्या २७५ जीटीबीत तो ७७ पर्यंत पोहोचला, तरीही पिस्टनचा प्रवास तोच ५८.८ होता. याच ७७ च्या व्यासावर प्रवास ७१ मिलिमीटरपर्यंत लांबवला गेला तेव्हा त्यातून ३३० निघाली. मग व्यास ८१ झाला आणि ३६५ आली. १६६ पासून ३६५ पर्यंतचे आकडे ओळीने वाचले तर एका इंजिनाची वाढ पायरीपायरीने डोळ्यांसमोर उभी राहते, आणि अशी सोय मी दुसऱ्या कोणत्याही मोटार कंपनीच्या नावांत इतक्या सलगपणे पाहिलेली नाही. आकडे थोडेफार मागेपुढे केलेले आहेत, हे खरे. २५० मधल्या सिलिंडरचे खरे माप २४६ सीसीच्या आसपास भरते. पण तेवढी सूट बोलण्याच्या सोयीसाठी घेतलेली आहे आणि तिने वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही.

आकड्यामागची अक्षरेही त्या काळी कामाची होती. ३६५ जीटीबी/४ हे नाव एखाद्या सुट्या भागाच्या क्रमांकासारखे दिसते, पण ते सोडवून वाचले की सगळी गाडी हाती येते: एका सिलिंडरची क्षमता ३६५ सीसी, लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी बांधलेली, छप्पर बंद असलेली दोन आसनी बर्लिनेत्ता, आणि इंजिनात चार कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दांडे. गंमत अशी की जगाने हे चोख नाव बाजूला ठेवले आणि गाडीला डेटोना म्हणायला सुरुवात केली, कारण १९६७ मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते. मला दोन्ही नावे आवडतात. एक कारखान्याने हिशेबाने दिलेले आहे आणि दुसरे लोकांनी कौतुकाने दिलेले आहे, आणि दोन्हींच्या मागे घडलेली गोष्ट आहे.

या चोख काळातही एक नोंद मुद्दाम चुकीची लिहिली गेली. २५० एलएमच्या पहिल्या गाडीनंतर बहुतेक सर्व गाड्यांत ३.३ लिटरचे इंजिन होते, म्हणजे नियमाने तिचे नाव २७५ एलएम असायला हवे होते. पण ही गाडी नवी नसून २५० चीच पुढची आवृत्ती आहे असे शर्यतीच्या नियामकांना पटवायचे असल्यामुळे २५० हा आकडा कायम ठेवला गेला. नियामकांना ते पटले नाही, गाडीने मात्र १९६५ मध्ये फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. नावातला आकडा नियामकांशी वाद घालण्यासाठी वापरावा लागला, यावरूनच त्या आकड्याला तेव्हा किती वजन होते ते कळते.

दुसरी पद्धतही तितकीच जुनी आहे, किंबहुना ती फेरारी या नावाहूनही जुनी आहे. अल्फा रोमिओ ही मोटार कंपनी सोडताना काही वर्षे स्वतःचे नाव वापरायचे नाही असे एन्झो यांच्यावर बंधन होते, म्हणून १९४० मध्ये त्यांनी काढलेली गाडी निव्वळ ८१५ या नावाने ओळखली गेली. आठ सिलिंडर आणि दीड लिटर, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे सहा सिलिंडरांच्या डिनो गाड्यांसाठी हीच रीत उलट्या क्रमाने परत आली: आधी लिटर, मग सिलिंडर. २०६ म्हणजे दोन लिटर आणि सहा सिलिंडर. २४६ म्हणजे २.४ लिटर आणि सहा सिलिंडर. डिनो हे एन्झो यांच्या मुलाचे, आल्फ्रेदोचे, घरातले नाव. तो १९५६ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला आणि सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या कल्पनेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. रस्त्यावरच्या डिनो २०६ आणि २४६ वर फेरारीचे बोधचिन्ह असलेला घोडा लावलेला नव्हता, फक्त मुलाच्या नावाची अक्षरे होती. नामकरणाचा विचार करताना या गाडीपाशी मी नेहमी थांबतो, कारण आकडा आणि माणूस येथे एकमेकांना झाकत नाहीत. इंजिन काय आहे ते २४६ सांगतो आणि ते कोणासाठी आहे ते डिनो सांगते.

आठ सिलिंडरांच्या मालिकेत ही रीत ३०८, ३२८ आणि ३४८ अशी व्यवस्थित चालली आणि मग तिचे सूत्र सुटत गेले. एफ३५५ मध्ये शेवटचा ५ हा सिलिंडरांचा नसून प्रत्येक सिलिंडरमधल्या झडपांचा आहे. ३६० मध्ये शेवटचे शून्य कशाचेच नाही. तेथे एकूण क्षमताच ३.६ लिटर अशी सांगितली आहे. एफ४३० चेही तसेच. ४५८ मध्ये आठचा आकडा परत येतो: साडेचार लिटर, आठ सिलिंडर. लगेच पुढच्या ४८८ मध्येही शेवटी ८ आहे, त्यामुळे वाचणारा ते ४.८ लिटर समजतो, पण ते इंजिन ३.९ लिटरचे आहे आणि ४८८ ही एका सिलिंडरची क्षमता आहे, म्हणजे १९४७ ची पद्धत अचानक परतलेली आहे. एकामागून एक आलेल्या दोन गाड्या, दोन्हींच्या नावाच्या शेवटी ८, आणि दोन्हींच्या ८ चा अर्थ वेगळा! त्यातही ४५८ मधले इंजिन नैसर्गिक श्वास घेणारे होते आणि ४८८ मध्ये हवा दाबून आत भरणारे दोन टर्बो आले, म्हणजे त्या मालिकेतला कित्येक वर्षांतला सर्वांत मोठा बदल नेमका तिथे झाला. तो नावात दिसायला हवा होता. नावात दिसते ती ३० ची वाढ, तीही दोन वेगळ्या मोजमापांतली.

याहून सूक्ष्म, पण मला अधिक खुपणारी गोष्ट म्हणजे आकडे पूर्णांकात आणण्याची रीत. ३०८ चे इंजिन २९२७ सीसीचे होते आणि ते वर नेऊन ३.० लिटर धरले गेले. २०२१ च्या २९६ जीटीबीचे इंजिन २९९२ सीसीचे आहे, म्हणजे तीन लिटरच्या कितीतरी जवळ, आणि तरी ते खाली आणून २.९ धरले गेले. ३०८ चा नियम लावला तर २९६ चे नाव ३०६ व्हायला हवे. २९६ चा नियम लावला तर ३०८ चे नाव २९८ व्हायला हवे. ३०६ हा आकडा दुसऱ्या एका कंपनीच्या परिचित छोट्या गाडीचा आहे, हे मला ठाऊक आहे, पण हिशेबाच्या वहीत असे कारण चालत नाही.

खरी खाडाखोड पाहायची असेल तर बारा सिलिंडरांच्या जोड्या शेजारीशेजारी ठेवाव्यात. ५१२ बीबी आणि ४१२ ही दोन नावे वाचून कोणालाही वाटेल की एक पाच लिटरची आणि दुसरी चार लिटरची. प्रत्यक्षात दोन्ही इंजिनांचा व्यास ८२ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७८ मिलिमीटर आणि एकूण क्षमता ४.९ लिटरच आहे. एका नावात एकूण लिटर आणि सिलिंडरांची संख्या आहे, तर दुसऱ्यात एका सिलिंडरचे माप आहे, आणि दोन्हींच्या शेवटी १२ आले तो निव्वळ योगायोग. पुढची जोडी ४५६ आणि ५५० मारानेल्लो यांची. दोन्हींत ५४७४ सीसीचे बारा सिलिंडरांचे इंजिन पुढच्या बाजूला बसवलेले आहे. ४५६ हे त्या आकड्याला बाराने भागून आले आणि ५५० हे तोच आकडा जवळच्या शेकड्यात, म्हणजे ५५०० वर, आणून शेवटचे शून्य काढून टाकल्याने आले. तिसरी जोडी ५७५एम आणि ६१२ स्कालिएत्ती यांची, दोन्ही ५७४८ सीसीच्या. ६१२ साठी ५.७ लिटरचे सरळ सहा लिटर केले गेले. स्कालिएत्ती या कारागिराचे नाव गाडीला देणे मला मनापासून आवडते, कारण फेरारीच्या कितीतरी गाड्यांचे पत्रे त्यांच्या कार्यशाळेत ठोकून आकाराला आले. पण त्यांच्या नावाशेजारी असा ओढूनताणून आणलेला आकडा बसवायला नको होता.

याचे वाईट वाटते, त्याला कारण आहे. मारानेल्लोत इंजिन वाढवण्याची पद्धत बदललेली नाही, फक्त ती नावात लिहिणे थांबले आहे. २००२ च्या एन्झो या गाडीमध्ये एफ१४० या सांकेतिक नावाचे बारा सिलिंडरांचे नवे इंजिन आले, व्यास ९२ आणि प्रवास ७५.२ मिलिमीटर. तेच पुढे ५९९ मध्ये गेले. २०१२ च्या एफ१२ बर्लिनेत्तासाठी प्रवास तोच ठेवून व्यास ९४ केला गेला आणि क्षमता ६२६२ सीसी झाली. व्यास तेवढ्यावर थांबल्यावर ८१२ सुपरफास्टसाठी प्रवास ७८ केला गेला आणि क्षमता ६४९६ सीसी झाली. २०२४ ची १२चिलिंद्री याच ६४९६ सीसीच्या इंजिनावर चालते, पण ते आता मिनिटाला ९५०० फेरे घेते आणि ८३० अश्वशक्ती देते. कधी व्यास वाढवायचा, कधी त्याच व्यासावर प्रवास लांबवायचा: कोलंबोंच्या इंजिनात २७५ आणि ३३० यांच्यात जो फरक आहे तो याच वाटेचा. जुन्या रीतीने या गाड्यांना ५००, ५२२ आणि ५४१ म्हटले असते तर ही परंपरा कोणालाही वाचता आली असती. त्याऐवजी ५९९ मध्ये एकूण सीसीचे पहिले तीन आकडे आहेत, एफ१२ मध्ये फक्त सिलिंडरांची संख्या आहे आणि ८१२ मध्ये ८ म्हणजे आठशे अश्वशक्ती. १२चिलिंद्री या नावात निदान खोटे काही नाही. त्याचा अर्थच बारा सिलिंडर. पण १९४७ पासून बारा सिलिंडरांची इंजिने करत आलेल्या घराने बारा सिलिंडर एवढेच सांगणे फार थोडे झाले.

शब्दांतल्या नावांचे मोल मी वेगळे करतो. टेस्टारोसा हा शब्द म्हणजे लाल डोके. पन्नासच्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांत इंजिनाचे झाकण उघडले की कॅमशाफ्टवरची दोन लांबट झाकणे लाल रंगात रंगवलेली दिसत, बाकीचा धातू राखाडी आणि मधून जाणाऱ्या नळ्या काळपट. त्या दोन लाल पट्ट्यांवरून गाडी ओळखली जाई. १९५६ च्या ५०० टीआरमध्ये हे नाव आले, २५० टेस्टारोसाने १९५८ मध्ये ले मान्स जिंकून ते गाजवले आणि १९८४ मध्ये ते रस्त्यावरच्या गाडीला मिळाले. नाव इंजिनाच्या अंगावरून उचललेले असल्यामुळे ते सत्तर वर्षे टिकले. गावांची नावेही बहुतेक चांगली निवडलेली आहेत. मारानेल्लो हे कारखान्याचे गाव, मोदेना एन्झो यांचे जन्मगाव आणि फिओरानो येथे १९७२ पासून कंपनीची स्वतःची चाचणी-धावपट्टी आहे, जेथे प्रत्येक नव्या गाडीला वेळ नोंदवावी लागते. या तीन नावांना त्या गाड्यांच्या घडण्यात जागा आहे. पोर्तोफिनो, रोमा आणि अमाल्फी ही कानाला गोड लागतात, पण ती इटलीच्या किनाऱ्याची आणि राजधानीची नावे आहेत. त्यांचा इंजिनाशी किंवा शर्यतीशी संबंध लागत नाही.

वर्धापनदिनाची नावे तारखेला धरून असली तरच शोभतात. एफ४० १९८७ मध्ये आली आणि १९४७ पासून बरोबर चाळीस वर्षे झाली होती. एफ५० १९९५ मध्येच आली आणि एफ८० तर २०२४ मध्ये, म्हणजे ऐंशी पुरी व्हायला तीन वर्षे बाकी असताना. एसएफ९० या नावाची अडचण आणखी वेगळी. शर्यतीच्या संघाला नव्वद वर्षे झाली म्हणून २०१९ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीलाही तेच नाव आणि रस्त्यावरच्या गाडीलाही तेच. फरक दाखवायला रस्त्यावरच्या गाडीच्या नावापुढे स्त्रादाले, म्हणजे रस्त्यावरची, हा शब्द जोडावा लागला.

एफ४० चे नाव जसे नेमके, तसा तिचा विकासही. १९८४ ची २८८ जीटीओ ग्रुप बी या वर्गाच्या ज्या शर्यतींकडे पाहून केली होती त्या बंद पडल्या, आणि तिच्यावरून तयार केलेल्या मोजक्या इव्होल्युझिओने गाड्यांना धावायला मैदानच उरले नाही. हे काम वाया जाऊ न देता निकोला मातेराझ्झी यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी त्यातून रस्त्यावरची गाडी काढली: २९३६ सीसी, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती आणि ताशी ३२४ किलोमीटर. एन्झो यांच्या हयातीत सादर झालेली ही शेवटची फेरारी. अर्धवट राहिलेल्या कामातून पुढची गाडी काढण्याची ही सवय कंपनीने पुढे पद्धतशीर केली. २००५ पासून एक्सएक्स गाड्या निवडक ग्राहकांना फक्त धावपट्टीवर चालवण्यासाठी दिल्या जाऊ लागल्या, त्यांच्या चाचण्यांची माहिती कारखाना जमा करतो आणि ती पुढच्या गाड्यांत उतरते. ५९९एक्सएक्समधून ५९९ जीटीओ अशीच निघाली. आठ सिलिंडरांच्या मालिकेत चॅलेंज स्त्रादाले, स्कुदेरिया, स्पेचाले आणि पिस्ता ही नावे प्रत्येक पिढीच्या शेवटी येणाऱ्या हलक्या आणि कडक आवृत्तीला मिळाली. एम हे अक्षर तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याचा अर्थ सुधारलेली, आणि ५७५एमवर ते लावताना कंपनी मोकळेपणाने सांगते की ही नवी गाडी नाही, जुनीच नीट केलेली आहे.

अलीकडच्या दोन नावांनी मात्र मला उभारी दिली आहे. २०२३ मध्ये ले मान्स जिंकणाऱ्या ४९९पीच्या नावात पुन्हा एका सिलिंडरचे माप आले. तिचे इंजिन २९६ च्या इंजिनाच्याच घराण्यातले, सहा सिलिंडरांचे आणि तीन लिटरचे, आणि २९९२ ला सहाने भागले की ४९९ येतात. त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधी याच शर्यतीत फेरारीला त्याआधीचा शेवटचा विजय मिळवून देणाऱ्या २५० एलएमच्या नावात जो आकडा चुकीचा होता, तो येथे बरोबर आहे. आणि २०२५ मध्ये एसएफ९० च्या जागी ८४९ टेस्टारोसा आली. तिच्या नावातला ८ सिलिंडरांचा आणि ४९ हे एका सिलिंडरच्या ४९९ सीसीवरून घेतलेले, म्हणजे १९४० ची आणि १९४७ ची अशा दोन्ही पद्धती प्रथमच एका आकड्यात शेजारी बसल्या आहेत. आठने गुणले की इंजिन जवळजवळ चार लिटरचे आहे हे नावावरूनच कळते. फक्त त्यासाठी ४९ च्या पुढचा गाळलेला ९ वाचणाऱ्याला स्वतः लिहून घ्यावा लागतो.